प्लंबरांच्या शाळेतला संडास

आमच्या शाळेत एकूण चौदा संडास होते आणि त्या फेब्रुवारीत त्यातल्या एकालाही पाणी नव्हतं. शाळा प्लंबिंगची होती.

चौदातले बारा तसेही नावापुरतेच. मागच्या वर्कशॉपमध्ये लाकडी चौकटींवर ओळीनं मांडलेले. अप्रेंटिस लोक ते बसवायचे, सरळ बसलेत का बघायचे, काढायचे आणि पुन्हा बसवायचे. पांढरेशुभ्र, चकचकीत, आणि कशालाही न जोडलेले. खऱ्या वापराचे दोनच, माझ्या ऑफिसमागच्या बोळात. प्रेसिडेंट्स डेला जोडून आलेल्या सुट्टीत शाळा बंद होती, सरोवरावरून असा काही वारा सुटला की आमच्या आयर्न पॉइंट गावात दाराच्या कड्यांना हात चिकटायला लागले, आणि त्या दोन संडासांना पाणी नेणारा पाइप भिंतीतच फुटला. मंगळवारी मी दार उघडलं तर बोळात घोट्याएवढं पाणी आणि त्यावर बर्फाची साय.

अरविड स्टेनमो, आमचे शिक्षक, बूट भिजवत आत गेले आणि कॉक आवळून आले. कॉक जुना. कितीही आवळला तरी बारीक धार सोडायचाच. त्या धारेखाली मी बादली ठेवली.

"पाइप फुटलाय," अरविड म्हणाले.

"दिसतंय मला. जोडून टाका ना मग."

"मला अधिकार नाही. कमिटीला विचारावं लागेल."

कमिटी म्हटल्यावर मी खुर्चीत बसलेच.

ही शाळा कुणाची, असं कुणी विचारलं तर मी, मार्लिस औने, इतकी वर्षं या ऑफिसात बसून एकच उत्तर देत आले आहे. काडीमोड झालेले नवरा-बायको मुलांसाठी एकाच घरात राहतात ना, त्यांचं ते घर. एकीकडे प्लंबरांची युनियन, दुसरीकडे कंत्राटदारांची संघटना. करारात लिहिलंय की गावात कुठलाही प्लंबर तासभर राबला की त्यामागे ठरलेले सेंट शाळेच्या गल्ल्यात पडायचे. त्यावर शाळा चालते. अप्रेंटिसनं दिवसा कंत्राटदाराकडे कामावर जायचं, जुन्या प्लंबरच्या हाताखाली पगारी काम करायचं, आठवड्यातून दोन संध्याकाळी इथे येऊन शिकायचं. पाच वर्षांनी परीक्षा, मग कार्ड. कार्ड मिळालं की पक्का प्लंबर. कंत्राटदाराला तयार माणूस मिळतो, युनियनला सभासद मिळतो, आणि गावाला गरम पाणी. दोघांचंही दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि नेमका त्याचाच दोघांना राग.

कमिटीत आठ जण. चार युनियनचे, चार मालकांचे. एक वर्ष अध्यक्ष इकडचा, दुसऱ्या वर्षी तिकडचा. ज्याची पाळी नसेल तो उपाध्यक्ष. म्हणजे आलटून पालटून तीच दोन माणसं, रूडी प्रेबिल आणि वॉरन कोसकेला. रूडी युनियनचा. बुटका, रुंद, आवाज मालगाडीसारखा. वॉरन 'कोसकेला अँड सन्स'चा मालक. उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशा, आणि सन्स म्हणाल तर तीन मुली.

हे दोघं एकाच वर्षी अप्रेंटिस होते, एका बाकावर बसून शिकले. पण अकरा वर्षांपूर्वीच्या संपापासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. संप नव्हे, खरं कारण उंदीर. आमच्याकडे युनियनला एखाद्या मालकाचा राग आला की त्याच्या दारात दुमजली उंचीचा, हवेनं फुगवलेला उंदीर उभा करतात. पिवळे दात, लाल डोळे, पोटावर खरूज. रूडीनं तो वॉरनच्या दुकानासमोर उभा केला. वॉरनचं घर दुकानाला लागून, आणि त्याच शनिवारी त्याच्या थोरलीचं लग्न. लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरीच्या खांद्यावरून उंदीर डोकावतोय.

"मला लग्नाचं माहीत नव्हतं," रूडी सगळ्यांना सांगायचा.

"आमंत्रण पाठवलं होतं त्याला," वॉरन सगळ्यांना सांगायचा.

तेव्हापासून एका टेबलाशी समोरासमोर बसून दोघं माझ्याशी बोलायचे. "मार्लिस, अध्यक्षांना सांग की हे असं चालायचं नाही." मग मी मान वळवून म्हणायचे, "अध्यक्ष, हे असं चालायचं नाही म्हणतायत." "उपाध्यक्षांना सांग, चालवून दाखवतो." पगार मला याचाच मिळतो, असं माझी बहीण म्हणते.

तर पाइपासाठी तातडीची बैठक भरली. वर्ष वॉरनचं होतं.

"यात बैठक कसली?" वॉरन म्हणाला. "घरात वीस-बावीस अप्रेंटिस आहेत. पाइप फुटलाय. त्यांना जोडू दे. शिकतीलही."

"मार्लिस, अध्यक्षांना विचार," रूडी म्हणाला, "ही खरी इमारत आहे का? खरा पाइप आहे का? मग हे खरं काम आहे. खऱ्या कामाला खरी मजुरी. फुकटात अप्रेंटिसकडून काम करून घ्यायचं, आणि कार्डवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा, हे आज शाळेत चाललं तर उद्या अध्यक्षांच्या सगळ्या साइटवर चालेल."

"उपाध्यक्षांना सांग, मग देऊ काम एखाद्या कंत्राटदाराला. रीतसर."

"कुठल्या?" युनियनचे चौघं एकदम म्हणाले.

इथे मालकांचे चार जण एकमेकांकडे बघायला लागले. वॉरननं घ्यावं तर अध्यक्षानं स्वतःलाच काम दिलं असं होणार. बाकी तिघांपैकी एकानं घ्यावं तर उरलेले दोघं वर्षभर टोमणे मारणार. बाहेरच्याला द्यावं तर बाहेरचा म्हणजे युनियन न मानणारा एकच होता गावात, आणि त्याचं नाव काढल्याबरोबर रूडीनं खुर्ची मागे सारली.

"आम्ही युनियनची दोन माणसं पाठवतो, सेवा म्हणून," रूडीच्या शेजारचा म्हणाला.

"म्हणजे उद्या म्हणाल, शाळेचा संडास आमचा," पलीकडून उत्तर आलं.

मतदान झालं. चार-चार. आमच्याकडे नेहमी चार-चारच होतं. बरोबरी झाली तर बाहेरचा पंच बोलवायचा असा नियम आहे, आणि पंच कोण ते दोन्ही बाजूंनी एकमतानं ठरवायचं असाही नियम आहे. मागे शाळेत कॉफी कुठली आणायची यावर अशीच बरोबरी झाली होती. पंचाचं नाव ठरेपर्यंत कॉफीवाली कंपनीच बंद पडली.

तर ठरलं असं की ठरेपर्यंत सगळ्यांनी रस्त्यापलीकडे पॉलीनकडे जायचं.

पॉलीनचं दुकान पेस्टीचं. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि सलगमाचं सारण भरलेली, वहाणेएवढी करंजी. खाणीत काम करणारे लोक ती खिशात घालून खाली न्यायचे, म्हणून तिचं कवच असं की दगडावर आपटली तरी दगडाची काळजी वाटावी. पॉलीनच्या दुकानात मागे एकच लहानसा संडास. पहिले चार दिवस तिनं कौतुकानं वापरू दिला. पाचव्या दिवशी दारावर पाटी लागली, 'फक्त गिऱ्हाइकांसाठी.' झालं, ज्याला जायचं त्यानं पेस्टी घ्यायची. संध्याकाळच्या वर्गाला ओळीनं माणसं पेस्टी खात बसलेली दिसायची. दुसऱ्या वर्षाचा एक जण तर शाकाहारी होता. तो पेस्टी घेऊन यायचा आणि माझ्या टेबलावर ठेवायचा. मार्चच्या सुरुवातीला माझ्या स्कर्टचं बटण तुटलं.

डेल्फिन बेलँजर या सगळ्यात पहिल्यांदा चिडली. डेल्फिन पाचव्या वर्षाला होती, शेवटच्या. वय त्रेचाळीस. त्याआधी सोळा वर्षं तिनं रिझर्व्हेशनवरून, म्हणजे आदिवासींच्या राखीव वस्तीतून, गावातल्या शाळेत मुलांची बस चालवली होती. बस सोडून प्लंबिंगला का आलीस, असं मुलाखतीत कमिटीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पाइप उलट बोलत नाहीत." दोन्ही बाजूंनी हसून तिला घेतलं. आमच्या कमिटीत आठ-शून्य झाल्याचं तोवरचं मला आठवणारं ते एकमेव मतदान.

मार्चमध्ये पॉलीनचा संडास तुंबला. तुंबणारच होता. सगळी शाळा त्याच्यावर. पॉलीन एप्रन लावून रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आली. "गावातले सगळे प्लंबर माझा संडास वापरतात आणि तुंबला तर एकालाही सुधरवता येत नाही?"

डेल्फिन उठली, तार घेऊन गेली, आणि अर्ध्या तासात मोकळा करून आली. पॉलीननं तिला दोन पेस्ट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रूडी हजर.

"डेल्फिन, तू काम केलंस?"

"केलं."

"मजुरी घेतलीस?"

"दोन पेस्ट्या."

रूडीच्या डोक्यात हिशेब चालू होता ते दिसत होतं. पाचव्या वर्षाच्या अप्रेंटिसला अर्ध्या तासाच्या दोन पेस्ट्या म्हणजे कराराच्या वर की खाली. "सलगमाच्या की नुसत्या मांसाच्या?" त्यानं शेवटी विचारलं.

"रूडी," डेल्फिन म्हणाली, "शनिवारी ओपन हाउस आहे. आठवतंय का?"

तेव्हा रूडीचा चेहरा उतरला. ओपन हाउस म्हणजे आमचा वर्षातला मोठा दिवस. आजूबाजूच्या गावांतून बारावीची मुलं, त्यांचे आईबाप, कामधंदा बदलू बघणारे मोठे लोक येतात. शाळा बघतात, अर्ज करतात. हल्ली कुणी हा धंदा शिकायला येत नाही अशी दोन्ही बाजूंची रड, म्हणून त्या दिवशी तरी सगळे इस्त्रीचे कपडे घालून हसतमुख असतात. आणि पॉलीन शनिवारी दुकान बंद ठेवते.

गुरुवारी पुन्हा बैठक भरली. पहिला तास पंचाच्या नावावर गेला. एक निवृत्त न्यायाधीश सुचला. तो मालकांना नको, कारण त्याचा भाऊ रेल्वेच्या युनियनमध्ये होता. एक पाद्री सुचला. तो युनियनला नको, कारण उंदराच्या फोटोतलं लग्न त्यानंच लावलं होतं. अप्रेंटिसांच्या वतीनं डेल्फिनला बोलावलं होतं. ती दाराशी टोपी हातात घेऊन उभी. तिचं बोलणं कार्यक्रमात सगळ्यात शेवटी, आणि शेवट काही येईना. मालकांच्या बाजूचा एक जण उभा राहून तावातावानं बोलायला लागला, त्याचं ऐकून युनियनचे दोघं उभे राहिले, रूडी टेबलावर मूठ आपटतोय, वॉरन "मार्लिस! मार्लिस!" करतोय, आणि मी कुणाचं कुणाला सांगू ते मला कळेना.

"सगळ्यांनी खाली बसा!"

हा आवाज सोळा वर्षं बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचलेला होता. आठच्या आठ जण खाली बसले. मीसुद्धा हातातलं पेन खाली ठेवलं.

"हात आपापल्या मांडीवर," डेल्फिन म्हणाली. हे बहुधा सवयीनं तिच्या तोंडून गेलं, पण दोघा-तिघांनी ठेवले. "आता मी विचारते तेवढ्याचंच उत्तर द्या. रूडी, तुमचं कार्ड चालू आहे?"

"चालू म्हणजे? मरेपर्यंत चालू!"

"मिस्टर कोसकेला, तुमचं लायसन्स?"

"आहे की. त्याशिवाय धंदा करता येतो का मला?"

"म्हणजे तुम्ही दोघंही प्लंबर आहात."

बऱ्याच वर्षांत ही गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली नसावी.

"मग उद्या सकाळी तुम्ही दोघं पाइप जोडा. आम्ही खुर्च्या टाकून बघतो. आमच्या दृष्टीनं तो वर्ग. अप्रेंटिसकडून फुकट काम नाही, कुठल्या कंत्राटदाराला काम नाही, दोन्हीकडचा एकेक माणूस. बोला, कुणाची काय हरकत?"

मी त्या दिवशीचे चेहरे विसरणार नाही. आठही जण हरकत शोधत होते. मन लावून शोधत होते. एकानं छताकडे बघितलं, एकानं चष्मा पुसला. मालकांच्या बाजूनं एकानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"त्याला जमणार आहे का, विचार," वॉरन मला म्हणाला.

"मला?" रूडी उसळला. "मार्लिस, अध्यक्षांना विचार, हातात पाना धरून त्यांना किती वर्षं झाली? पेन्सिल धरतात हल्ली!"

"मत द्या," डेल्फिन म्हणाली.

आठ-शून्य.

शुक्रवारी सकाळी वॉरन आपला जुना कामाचा डगला घालून आला. तो त्याला अजून बसत होता. रूडीला त्याचा बसत नव्हता. पुढची दोन बटणं उघडी सोडून त्यावर त्यानं पट्टा बांधला होता. बोळात खुर्च्या मांडलेल्या, अप्रेंटिस लोक पेस्ट्या घेऊन बसलेले. अरविड एका बाजूला हातात परीक्षेची पाटी घेऊन उभे.

"ती कशाला?" वॉरननं विचारलं.

"या शाळेत जो कुणी काम करून दाखवतो त्याला गुण मिळतात," अरविड म्हणाले. "कमिटीचाच नियम आहे."

मधे मला उभं केलं होतं. निरोप्या म्हणून.

वॉरननं नव्या पद्धतीचं हत्यार आणलं होतं. त्यात डाख नाही, जाळ नाही; पाइपावर कडी चढवायची आणि बॅटरीवरच्या यंत्रानं दाबून टाकायची, पाणी असलं तरी चालतं. अभिमानानं त्यानं ते सगळ्यांना दाखवलं, पाइपाला लावलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. यंत्र म्हाताऱ्या कुत्र्यासारखं एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. रात्रभर ट्रकमध्ये राहून बॅटरी गारठली होती.

"मार्लिस, अध्यक्षांना सांग, आगकाडीला बॅटरी लागत नाही," असं म्हणत रूडीनं आपली डाखाची बत्ती पेटवली.

त्यानं फुटलेला तुकडा कापला, नवा तुकडा घासून चमकवला, जोडला आणि तापवायला घेतला. हात सराईत होते, तेवढं कबूल करावं लागेल. पण कॉकमधून ती बारीक धार येतच होती. पाइपात पाणी असलं की तो तापत नाही, आणि तापला नाही की डाख धरत नाही. रूडी तापवतोय, पाइप नुसता वाफ सोडतोय, डाखाचे थेंब टपटप खाली.

"उपाध्यक्षांना सांग, चहा करायचा असेल तर किटली देतो," वॉरन म्हणाला.

"अध्यक्षांना सांग, पाइप धरायला माणूस हवा, बोलायला नको."

वॉरननं खाली बसून पाइप धरला. दोघांची डोकी भिंतीतल्या एकाच भोकात. पाइप सुटला, गरम टोक वॉरनच्या मनगटाला लागलं.

"अरे नीट धर ना, गाढवा!" रूडी ओरडला.

"धरलाय! तू आधी जाळ कुठे मारतोस ते बघ, आंधळ्या!"

पेस्टी चावणारे चावायचे थांबले. माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावाचून निरोप पोचला होता. त्या दोघांना मात्र पत्ता नव्हता. ते भोकात तोंड घालून एकमेकांना वाट्टेल ते बोलत होते.

"ब्रेड," भोकातून वॉरनचा आवाज आला. "आपला म्हातारा मास्तर काय करायचा? पाइपात ब्रेडचा बोळा कोंबायचा. तेवढा वेळ पाणी अडतं, डाख देऊन होतो, आणि मग ब्रेड विरघळून निघून जातो."

"मला आठवत नाही असं वाटलं का तुला? मी तेच म्हणणार होतो. ए, ब्रेड आणा कुणीतरी!"

ब्रेड नव्हता. पॉलीनकडे फक्त पेस्ट्या. रूडीनं मागे हात करून शाकाहारी पोराच्या मांडीवरची अख्खी पेस्टी उचलली आणि तिचं कवच तोडलं.

"हे चालेल?" त्यानं वॉरनला विचारलं.

वॉरननं बोटांनी दाबून बघितलं. "उत्तम. ब्रेडपेक्षा बरं."

अकरा वर्षांत एकमेकांशी बोलून ज्या पहिल्या गोष्टीवर त्यांचं एकमत झालं ती ही. डेल्फिननं तोंडावर टोपी धरली. अरविडनी पाटीवर काहीतरी लिहिलं.

कवच पाइपात कोंबलं. त्याला सारण चिकटलेलं होतं, तेही गेलं. धार थांबली ती अशी थांबली की थेंब येईना. रूडीनं सुरेख डाख दिला. सगळीकडून सारखा, चांदीच्या कडीसारखा. वॉरननं स्वतःच्या रुमालानं पुसला. "वा," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर जरा ओशाळला.

कॉक उघडला. पाइप खोकला, थरथरला, कुठेतरी आत काहीतरी धडपडत गेलं, आणि पहिल्या संडासाची टाकी भरली. टाळ्या पडल्या. रूडीनं वाकून नमस्कार केला तेव्हा पट्टा तुटला.

दुसऱ्या संडासाची टाकी मात्र भरेना. सूं असा आवाज आणि मग तेही बंद.

"तोटीत काहीतरी अडकलंय," वॉरन म्हणाला आणि टाकीवर वाकून तिची झाकणी फिरवायला लागला.

"आधी खालचा कॉक बंद कर!" रूडी म्हणाला.

"मला शिकवू नकोस!"

झाकणी निघाली. पाण्याचा जो फवारा उडाला तो वॉरनच्या तोंडावर बसला, तिथून छताला आणि छतावरून पहिल्या दोन रांगांवर. वॉरन डोळे मिटून तसाच उभा. मिशीवर पिवळ्या सलगमाचा चौकोनी तुकडा, आणि कपाळावर कवचाचा पापुद्रा, पाण्यात इतका वेळ राहूनही कुरकुरीत.

रूडीनं कॉक बंद केला. मग तो तुकडा निरखून बघितला. "वॉरन," तो म्हणाला, "सलगम शिजलं नाहीये नीट."

वॉरन आधी खांद्यांनी हसला, मग पोटानं, मग त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. रूडी तर खाली बसलाच. दोघं ओल्या फरशीवर बसून डोळे पुसत होते. "लग्नात," वॉरन मधेच म्हणाला, "फोटोग्राफरनं विचारलं, हा मुलाकडचा की मुलीकडचा?" त्यावर रूडीला हसता हसता खोकला लागला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "आमंत्रण आलं होतं रे. मी फोडलंच नव्हतं. संपाच्या रागात." वॉरननं त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मग दोघांनी मिळून तोटी साफ केली. दोन्ही टाक्या भरल्या.

शनिवारी माणसं आली. चांगली पन्नास-साठ. त्यातल्या एका मुलीचा बाप, जाडजूड खाणकामगार, सगळी शाळा बघून झाल्यावर हळूच माझ्याजवळ आला आणि बाथरूम कुठाय असं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत वॉरन एका बाजूनं आणि रूडी दुसऱ्या बाजूनं पुढे झाला. "या, या, इकडून," म्हणत दोघांनी त्या बिचाऱ्याला लग्नातल्या वरासारखं बोळापर्यंत नेलं, दार उघडून दिलं आणि बाहेर उभे राहिले. कान देऊन. आत फ्लश झाला, टाकी भरली, आवाज थांबला. तेव्हा दोघांनी हात मिळवले. तो माणूस दार उघडून बाहेर आला तर दोन सुटाबुटातली माणसं त्याच्याकडे बघून हसतायत. घाबरला असावा, पण मुलीनं अर्ज भरला.

सोमवारी अरविडनी गुण लावले. दोघंही नापास. कॉक न बदलता काम केलं, पाइपात खाद्यपदार्थ, पाणी चालू ठेवून झाकणी काढली. दोघांनी कमिटीकडे अपील केलं. हितसंबंध म्हणून दोघांनाही मतदानात भाग घेता आला नाही. उरलेले सहा. मालकांचे तिघं म्हणाले वॉरनला पास करा, रूडीला नको. युनियनचे तिघं म्हणाले रूडीला करा, वॉरनला नको. तीन-तीन. पंचाचं नाव अजून चर्चेत आहे.

डेल्फिनला जूनमध्ये कार्ड मिळालं. रूडीनं हातात दिलं, वॉरननं दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं, आणि आठवड्याभरात ती पगाराच्या वरच्या श्रेणीवरून त्याच्याशी भांडायला लागली. ते ऐकून रूडीला इतका आनंद झाला की त्यानं मला फोन करून सांगितलं.

बैठका अजून होतात. मतं अजून चार-चार पडतात. पण रूडी आणि वॉरन आता थेट भांडतात; टेबलावर वाकून, नावानं, जुने दाखले देत. मी मधे बसून विणकाम करते. माझ्या भाच्याच्या बाळासाठी स्वेटर झाला, आता मोजे चालू आहेत. परवा बोलता बोलता दोघं एकदम थांबले आणि माझ्याकडे वळले.

"मार्लिस," वॉरन म्हणाला, "तू काहीच बोलत नाहीस."

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"मग तुझं काय मत?" रूडीनं विचारलं.

विषय होता कॉफीचा. मी सुया खाली ठेवल्या आणि म्हटलं, "मी चहा पिते." दोघांचे चेहरे पडले, आणि मग दोघंही एकाच वेळी मला समजावायला लागले.